बॉम्बे ब्लड ग्रुप असला की प्रतिकारशक्ती कमी असते का?

मोठी_ताई: धाकट्या बहिणीला सातवा महिना आहे. तिचा ग्रुप ओ पॉझिटिव्ह धरून चाललो होतो, आता रक्तपेढीने बॉम्बे असल्याचं कळवलं. रक्ताची सोय कशी करायची ते त्यांनी समजावलंय. मला वेगळीच धास्ती आहे. पेशींवर फ्युकोज ही साखर नसेल तर पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोचत नाहीत आणि त्या रुग्णांचा ग्रुपही बॉम्बेच असतो, असं वाचलं. रात्री झोप नाही.

रक्तपेढीवाला: ताई, साध्या तपासणीत हा ग्रुप ओसारखाच दिसतो. तिच्या सीरममध्ये ओ गटाच्या पेशी घातल्या की गुठळ्या होतात, तिथे आम्ही ओळखतो. म्हणून तिला ओ रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बेच. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत हा गट पहिल्यांदा नोंदवला. बाकीचं जाणकार सांगतील.

पेशीवेडी: ताई, तुम्ही वाचलंत ते खरं, पण तो आजार वेगळा. जंतू शिरले की तिथल्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर सिलेक्टिन नावाची प्रथिनं उगवतात. वाहत्या न्यूट्रोफिलवरची (जंतूंशी लढणारी पांढरी पेशी) सायलिल लुईस एक्स ही साखरेची रचना त्यांना धरते, पेशी भिंतीवर घरंगळत हळू होते, थांबते आणि मग बाहेर पडते. त्या रचनेत एक फ्युकोज असतं. ते नसेल तर पेशी तशीच वाहून जाते.

एलएडी-२ या अतिदुर्मिळ आजारात फ्युकोज पेशीच्या गॉल्जीत (साखळ्यांना साखर जोडणाऱ्या भागात) नेणारा वाहकच बिघडलेला असतो. त्यामुळे सगळ्याच साखळ्या फ्युकोजविना राहतात. रक्तात न्यूट्रोफिल भरमसाट, पण जखमेत पू होत नाही. लहानपणापासून वारंवार संसर्ग, वाढ खुंटलेली, बुद्धीचा विकास मंद. काही मुलांना तोंडावाटे फ्युकोज देऊन फरक पडलाय, हे मला फार मोलाचं वाटतं.

नेहमीच्या बॉम्बे ग्रुपमध्ये फ्युकोज गॉल्जीत व्यवस्थित पोचतं. फक्त एच प्रतिजन (लाल पेशींवरची, ए-बी-ओ गटांच्या पायाशी असलेली साखरेची रचना) तयार करायला ते जोडणारी एन्झाइम्स काम करत नाहीत. न्यूट्रोफिलवर ते जोडणारं एन्झाइम निराळं, त्याचं जनुकही निराळं, आणि ते शाबूत असतं. बहिणीला लहानपणी गुडघा फुटल्यावर पू व्हायचा का?

मोठी_ताई: भरपूर! आई रोज हळद लावायची. आजारपण म्हणाल तर गोवर सोडून काही आठवत नाही.

पेशीवेडी: मग पांढऱ्या पेशी जागेवर पोचतायत. या बाबतीत निर्धास्त राहा, डॉक्टरांनाही एकदा विचारा. आणि तुम्ही सख्खी भावंडं सगळी तपासून घ्या, प्रत्येकाचा ग्रुप बॉम्बे असण्याची शक्यता साधारण चारात एक आहे.