वॉरंटीत अडकलेली गाडी आणि बदली गाडीचे भाडे

पाचवा गिअर

वॉरंटीतील दुरुस्तीवरच्या मागील चर्चेत एका सदस्यांनी जाता जाता लिहिले होते : "दुरुस्ती फुकट करून मिळते, वर फिरायला गाडीही फुकट हवी; बोट दिले की लोक हात धरतात." त्याच दिवशी उत्तर देणार होतो, पण राग निवळू द्यावा म्हणून थांबलो. आठवडा उलटला तरी तो निवळला नाही, तेव्हा लिहितो.

मुळात 'फुकट' हा शब्दच मला मान्य नाही. वॉरंटी ही डीलरने खूश होऊन दिलेली बक्षिसी नव्हे. अशा दुरुस्त्यांसाठी उत्पादक आपल्या हिशेबात आधीच तरतूद करून ठेवतो, आणि ती तरतूद गाडीच्या किमतीतून, म्हणजे खरेदीदाराच्याच खिशातून येते. मी आगाऊ भरलेलेच मागत असेन तर हात धरण्याचा प्रश्न येतो कुठे?

माझ्या गाडीला चौदाव्या महिन्यात दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना झटके बसू लागले. ड्युअल क्लच गिअरबॉक्सचे नियंत्रण करणारा भाग बदलावा लागेल, हे वर्कशॉपने पहिल्याच दिवशी सांगितले. तो भाग यायला १९ दिवस लागले. तेवढे दिवस गाडी मागच्या आवारात, काचेवर जॉब कार्डाचा क्रमांक खडूने लिहिलेल्या अवस्थेत, धूळ खात उभी होती. बदली गाडी मागितली तेव्हा दिवसाचे भाडे, अनामत रक्कम आणि दोन पानी करार पुढे आला. 'इंधन जेवढे दिले तेवढे परत करावे' असे त्यात एक कलम होते, आणि दिलेले इंधन म्हणजे काट्याची शेवटची रेघ. दोष त्यांच्या गाडीचा, विलंब त्यांच्या सुट्या भागाचा, कर्जाचा हप्ता मात्र माझा चालू आणि भाडेही माझ्याच माथी. वॉरंटीच्या दुरुस्तीत बदली गाडीचे भाडे आकारणे गैर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्लेमवाला

आपल्या १९ दिवसांबद्दल सहानुभूती आहे, पण आपण चोर सोडून संन्याशाला सुळी देत आहात. मी अनेक वर्षे डीलरकडे वॉरंटी क्लेमच्या टेबलावर काम केले आहे, त्यामुळे आतले चित्र सांगतो.

वॉरंटीत केलेल्या कामाचे पैसे डीलरला उत्पादक देतो, पण ते प्रत्यक्ष लागलेल्या वेळाचे नव्हे. प्रत्येक कामाला उत्पादकाने ठरवलेला प्रमाण वेळ असतो. गंजलेला बोल्ट सुटेना म्हणून मेकॅनिकने दुप्पट वेळ घालवला, तरी मिळतात ते ठरलेल्या वेळाचेच पैसे. काढलेला सदोष भाग जपून ठेवावा लागतो, कारण उत्पादक तो तपासणीसाठी मागवू शकतो. जॉब कार्डावर ग्राहकाची तक्रार नीट नोंदवलेली नसली, एखादी सही राहिली, तर क्लेम नामंजूर होतो. मंजूर होऊन पैसे आलेले असले तरी पुढच्या ऑडिटमध्ये ते परत वळते केले जातात. अशा व्यवहारात १९ दिवसांची बदली गाडी डीलरने कोणत्या खात्यातून द्यायची? त्या गाडीलाही घसारा आहे, विमा आहे, टायर आहेत. उत्पादकाने मंजुरी दिली तर डीलर आनंदाने गाडी देतो. अनेक उत्पादकांच्या योजनांत ठरावीक दिवसांपुरती अशी सोय असतेही. मंजुरी नसेल तर तो खर्च डीलरच्या अंगावर पडतो.

आणि एक प्रश्न विचारतो. घरचा फ्रिज वॉरंटीत बिघडला तर दुरुस्त होईपर्यंत कंपनी दुसरा फ्रिज आणून ठेवते का? तेव्हा कोणी चर्चा सुरू करत नाही.

कलम चौदा

फ्रिजचा दाखला आकर्षक असला तरी पोकळ आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या ग्राहकविक्री निर्देशात (क्रमांक २०१९/७७१, कलम १४) सदोष वस्तूची दुरुस्ती विनामूल्य, वाजवी मुदतीत आणि ग्राहकाची लक्षणीय गैरसोय न होता झाली पाहिजे, अशा तीन अटी एकत्र घातल्या आहेत. तिसऱ्या अटीत पुढे असेही म्हटले आहे की, वस्तूचे स्वरूप आणि ग्राहकाने ती कशासाठी घेतली हे लक्षात घ्यावे. रोज ज्या गाडीने माणूस कामावर जातो ती १९ दिवस काढून घेणे ही लक्षणीय गैरसोय नव्हे, असे म्हणण्यासाठी फार मोठे धैर्य लागेल.

'विनामूल्य' या शब्दाची व्याप्तीही तेथील न्यायालयाने बरीच रुंद धरलेली आहे. २०११ मध्ये सदोष फरशा आणि सदोष भांडी धुण्याचे यंत्र अशी दोन प्रकरणे युरोपीय न्यायालयापुढे एकत्र आली, तेव्हा बसवलेली सदोष वस्तू काढण्याचा आणि नवी बसवण्याचा खर्चही विक्रेत्याने सोसावा, असा निर्णय झाला. विक्रेत्याने, उत्पादकाने नव्हे, हे क्लेमवाल्यांनी कृपया दोनदा वाचावे.

क्लेमवाला

दोनदा वाचले. त्यात फरशी काढण्याचा आणि बसवण्याचा खर्च आहे. फरशी नसलेल्या दिवसांत ग्राहकाने दुसरीकडे राहण्याचे भाडे नाही. आमच्याकडेही सदोष गिअरबॉक्स काढण्याचे आणि नवा बसवण्याचे पैसे ग्राहकाकडून कोणी घेत नाही. शिवाय आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच दाव्याला बांधता आहात. कायद्याने विक्रेत्यावर घातलेली जबाबदारी निराळी आणि उत्पादकाने स्वतःहून लिहून दिलेली वॉरंटी निराळी. त्या वॉरंटीच्या पुस्तिकेत 'वाहन वापरता न आल्यामुळे होणारे नुकसान समाविष्ट नाही' असे वाक्य बहुधा छापलेलेच असते. खरेदीच्या दिवशी किती जण ती पुस्तिका उघडतात, हे मला चांगले ठाऊक आहे. बहुतेकांची पहिल्या बिघाडापर्यंत प्लास्टिकच्या पिशवीतच असते.

पाचवा गिअर

पुस्तिकेत छापले म्हणून ते न्याय्य ठरत असेल, तर चर्चाच खुंटली. उत्पादकाच्या वकिलाने लिहिलेले वाक्य आपण मला शास्त्रवचनासारखे ऐकवत आहात.

थंड इंजिन

१९ दिवसांवर आपण सारे इतके तापलात म्हणून विचारतो : जिथे दोषच मान्य होत नाही तिथे काय करायचे? माझ्या गाडीत सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू केले की तीन-चार सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज येतो आणि मग सारे शांत. तीनदा वर्कशॉपला गेलो. तिन्ही वेळा सल्लागाराने गरम इंजिन सुरू करून कान दिला आणि 'आवाज आढळला नाही' असे लिहून गाडी परत दिली. बदली गाडी नाही, कारण त्यांच्या लेखी दुरुस्तीच सुरू झालेली नाही. दर खेपेला अर्धा दिवस माझा गेला.

जुना मेकॅनिक

थंड इंजिन, आपला आवाज गरम इंजिनावर कधीच येणार नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल खाली उतरते. सकाळी तेलाचा दाब तयार होईपर्यंत टायमिंग चेनचा (इंजिनातल्या साखळीचा) टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, ढिला राहतो आणि साखळी वाजते. गाडी आदल्या संध्याकाळी वर्कशॉपमध्ये ठेवा आणि 'सकाळी माझ्या समक्ष सुरू करावी, तोवर कोणीही किल्ली फिरवू नये' असे जॉब कार्डावर लिहून घ्या. नाहीतर जागा मोकळी करण्यासाठी कोणीतरी पहाटे ती दहा फूट पुढे घेईल आणि सारी रात्र वाया जाईल. हे मी स्वतः दुसऱ्यांच्या गाड्यांबाबत केलेले आहे.

येऊन-जाऊन असणारे दोष शोधणे हे या धंद्यातले सर्वांत वाईट काम आहे. लोकांना वाटते की संगणक जोडला की तो दोष सांगतो. प्रत्यक्षात उत्सर्जनाशी संबंधित पुष्कळ दोषांचा डॅशबोर्डवरचा दिवा सलग दोन ड्राइव्ह सायकलींत (गाडी सुरू करून, चालवून बंद करेपर्यंतच्या फेऱ्यांत) तो दोष आढळल्याशिवाय लागतच नाही, आणि यांत्रिक खडखडाटाचा तर बहुधा संगणकात दोषाचा कोडही नोंदला जात नाही. शोधण्यात गेलेल्या वेळाचे पैसे उत्पादकाकडून पुरेसे मिळत नाहीत, म्हणून सल्लागार 'आढळला नाही' लिहून मोकळा होतो.

थंड इंजिन

म्हणजे मला तीनदा खोटे सांगण्यात आले.

क्लेमवाला

'आढळला नाही' आणि 'दोष नाही' यांत फरक आहे. खोटे हा शब्द जपून वापरावा.

थंड इंजिन

गरम इंजिनावर कान देऊन 'आढळला नाही' लिहिणे म्हणजे डोळे मिटून 'दिसले नाही' म्हणणे. त्याला आपण काय शब्द वापरता तेवढे सांगा, मी तो वापरीन.

जुना मेकॅनिक

दोघांनीही थोडा दम घ्यावा. फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. त्यात इंजिनाच्या तापमानाचा काटा आणि एकूण किलोमीटरचा आकडा दिसू द्या.

दोन किल्ल्या

आवाज सापडेल तेव्हा सापडो, बदली गाडीबद्दल कोणी दुसरी बाजू सांगितलीच नाही. माझे स्वतःचे छोटे वर्कशॉप आहे आणि ग्राहकांची अडचण होऊ नये म्हणून मी एक गाडी विनामूल्य देत असे. एकदा ती परत आली तेव्हा मागच्या बंपरवर हाताएवढा ओरखडा होता आणि ग्राहकाचे म्हणणे, तो आधीच होता. विमा होता, पण त्यात स्वतः भरायची रक्कम मीच भरली. पुढे दोन महिन्यांनी सिग्नल तोडल्याचा दंड गाडीच्या नोंदणीप्रमाणे माझ्या नावावर आला; फोन केला तर ते गृहस्थ म्हणाले, "त्या दिवशी गाडी माझ्याकडे होती याला पुरावा काय?" दुसऱ्या एका सद्गृहस्थांची गाडी तयार झाली असे कळवूनही ते सहा दिवस घ्यायला आले नाहीत, कारण माझी गाडी त्यांच्या गाडीपेक्षा चांगली चालत होती. तेव्हापासून मी भाडे घेतो. मला त्या भाड्यातून कमाई करायची नाही. गाडी वेळेवर परत यावी एवढ्यासाठी ते आहे.

पाचवा गिअर

दोन किल्ल्या यांचा अनुभव वाईट आहे, हे मान्य. पण दोन जणांनी फसवले म्हणून तिसऱ्याकडून भाडे घ्यायचे, हा कोणता न्याय? ओरखड्यासाठी अनामत घ्या, किल्ली देताना चारही बाजूंचे फोटो काढा, दंड ग्राहकावर राहील असे लिहून घ्या. गाडी तयार झाल्याचे कळवल्यानंतरच्या दिवसांचे भाडे अवश्य लावा, त्याला माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती सुट्या भागाची वाट पाहण्याच्या दिवसांचे भाडे घेण्याला.

कलम चौदा

आणि पैसे देण्याची इच्छा असली की उत्पादकाला मार्ग सापडतो, हेही नोंदवून ठेवतो. ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगांच्या प्रकरणात एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग) परत मागवावे लागले आणि बदली भागांचा तुटवडा पडला. तेव्हा भाग येईपर्यंत काही उत्पादकांनी ग्राहकांना बदली गाड्या विनामूल्य दिल्या.

क्लेमवाला

ती जिवावर बेतणारी बाब होती, शिवाय तो रिकॉल होता, म्हणजे सुरक्षेच्या दोषामुळे गाड्या परत मागवणे, वॉरंटी नव्हे. झटके देणारा गिअरबॉक्स आणि चेहऱ्यावर धातूचे तुकडे उडवणारी एअरबॅग यांना आपण एकाच तागडीत तोलत आहात. मात्र एक गोष्ट मान्य करतो, आणि ती आनंदाने नव्हे : भागाच्या पुरवठ्याला विलंब झाल्याचे दिवस उत्पादकाच्या खात्यावर टाकता आले पाहिजेत, आणि त्यासाठी डीलर पुरेसे भांडत नाहीत. ग्राहकाकडून पैसे मिळतात तोवर भांडायचे कारणही नसते.

पाचवा गिअर

हेच मी पहिल्या मजकुरात म्हणत होतो, फक्त आपल्याइतक्या चांगल्या मराठीत नाही. इंधन मी घालीन, दंड मी भरीन, ओरखडा माझा. भाडे मात्र नाही.

क्लेमवाला

इंधन स्वतः घालण्याच्या औदार्याबद्दल समस्त डीलरांच्या वतीने आभारी आहे.

थंड इंजिन

काल संध्याकाळी गाडी ठेवली, किल्लीबद्दलची सूचना जॉब कार्डावर लिहून घेतली आणि आज सकाळी साडेसातला हजर राहिलो. सल्लागाराच्या समक्ष इंजिन सुरू केले; चार सेकंद खडखडले. तो काही बोलला नाही, फक्त 'आढळला' असे लिहिले. टेन्शनर मागवला आहे, आठ दिवस लागतील. बदली गाडी मिळेल, म्हणाला. दिवसाचे भाडे पडेल.