मुलगा 18 चा होतोय, शाळा संपली. आता दिवसभर कुठे?

सांगलीची_आई

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज लिहायला बसले. मोठ्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे, जुलैत 18 पूर्ण होतायत. इतकी वर्षं तालुक्याच्या स्पेशल शाळेत जायचा, सकाळी रिक्षा यायची, साडेचारला परत, तेवढ्या वेळात माझं शिवणकाम, सासूबाईंचं औषधपाणी सगळं उरकायचं. आता शाळेने सांगितलंय जूनपासून पट संपला, अनुदान 18 पर्यंतच. कर्मशाळा (मोठ्या दिव्यांग मुलांना काम शिकवणारी शाळा) आहे पण जिल्ह्याच्या गावाला, एसटीने दीड तास, आणि तो एकटा जाऊ शकत नाही. मिस्टर साखर कारखान्यात, गळीत हंगाम सुरू झाला की त्यांचं घरी असणं नसणं सारखंच.

तो बोलतो, स्वतःचं स्वतः आवरतो (दाढी सोडून), कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा चांगल्या घालतो. पण सुट्टीत आठवडाभर घरी राहिला की चिडचिड सुरू, मग मोबाईल आणि खाणं, वजन पण वाढलंय.

दोन गोष्टी विचारायच्यात. लहान गावात दिवसभराची काय सोय लावता येते? आणि बँकेत त्याच्या खात्यावर माझं नाव पालक म्हणून आहे, तिथले साहेब म्हणाले 18 नंतर तुमची सही चालणार नाही, त्याला घेऊन या. त्याला सही येत नाही. मी आई असून माझी सही का चालू नये? नातेवाईक म्हणतायत कुठल्यातरी आश्रमात ठेव, सुटशील. सुटायचं नाहीये हो मला, दुपारचे तीन-चार तास पाहिजेत बस.

आबा_ठाणे

ताई, बँकेचं आधी सांगतो कारण त्याला वेळ लागतो. बँकवाला बरोबरच बोलला. 18 झालं की कायद्याने तो सज्ञान, आईबापाचं नैसर्गिक पालकत्व तिथे संपतं, मग मुलाला कळो न कळो. त्यासाठी 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता अशा चार गटांसाठी, डाऊन सिंड्रोमवाली मुलं बौद्धिक अक्षमतेत येतात. या कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, अध्यक्ष कलेक्टर, सोबत एका नोंदणीकृत संस्थेचा माणूस आणि एक दिव्यांग व्यक्ती. तिथे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करायचा. कोणी वकील म्हणाला की कोर्टातून करून देतो, तर त्याला चहा पाजा आणि आधी कलेक्टर ऑफिसला जाऊन या.

समितीची बैठक दर महिन्याला लागतेच असं नाही, म्हणून वाढदिवसाची वाट न बघता आत्ताच चौकशी करून कागद जमवा. आणि टेबलावरचा माणूस हमखास मानसिक आजाराचं सर्टिफिकेट मागतो. मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता एक नाही, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळलीय. भांडू नका, पण मागेही हटू नका. पालकत्व मिळालं की जबाबदारीपण येते, त्याच्या नावावर काही असेल तर सहा महिन्यांत यादी द्यायची आणि पुढे दरवर्षी हिशोब.

दुसरं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. लहानपणी काढलेलं बौद्धिक अक्षमतेचं सर्टिफिकेट 18 ला पुन्हा करावं लागतं, मात्र 18 ला मिळालेलं कायमचं. दोन्ही कामं एकाच हेलपाट्यात बसवा.

तिसरं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. मिस्टरांचा पीएफ कापला जात असेल तर ते बहुतेक 1995 च्या पेन्शन योजनेत असतील. त्यात वडिलांच्या मागे कायमस्वरूपी आणि पूर्ण अपंग मुलाला वयाची अट न लावता आयुष्यभर पेन्शन मिळायची तरतूद आहे. इतर मुलांचं 25 ला बंद होतं. कारखान्याच्या टाइम ऑफिसला जाऊन फॉर्मवर मुलाचं नाव आणि अपंगत्वाची नोंद आहे का बघायला सांगा त्यांना. माझी मुलगी 31 ची आहे, मला रात्री झोप लागते ती अशा कागदांच्या जोरावर.

रेवती_स्पेशल_टीचर

आबांनी कागदाचं छान सांगितलं, मी दिवसाचं सांगते. घरी बसल्यावर चिडचिड होते म्हणताय त्यात त्याचा हट्ट कमी आणि रिकामा वेळ जास्त आहे. दहा-बारा वर्षं घंटा, डबा, प्रार्थना, मित्र या सगळ्यावर चालणारा मुलगा, एका जूनमध्ये सगळं बंद. तुमचा-आमचा रिटायर झालेला माणूससुद्धा पहिले सहा महिने घरच्यांचं डोकं खातो, हा तर 18 चा आहे.

म्हणून शाळा सुटायच्या आधी घरात वेळापत्रक लावा, चित्रांचं चाललं तर चित्रांचं. घड्या चांगल्या घालतो ना, मग तुमच्या शिवणकामात त्याला खरं काम द्या. खोटंखोटं नको, त्यांना लगेच कळतं. शिवलेले ब्लाऊज घडी करून पिशवीत भरणं, गिऱ्हाइकाला नेऊन देणं, गल्लीतल्या गल्लीत का होईना. आणि त्याचे पैसे त्याच्या हातात द्या, भले वीस रुपये असोत.

वजनाचं म्हणालात तर थायरॉईड तपासलंय का? डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईडचा त्रास बराच आढळतो, दरवर्षी रक्त तपासून घ्यायचं असतं. सगळं खाण्यावर ढकलू नका.

आणि निरामय काढलंय का? नॅशनल ट्रस्टचाच आरोग्य विमा, वर्षाला 1 लाखापर्यंत, आधी तपासणी वगैरे काही नाही, ओपीडी आणि थेरपीचेही पैसे मिळतात. बिलं नीट ठेवावी लागतात आणि दरवर्षी रिन्यू करावं लागतं, बरेच पालक तिथेच विसरतात.

मधली_बहीण

मी भावंडांच्या बाजूने बोलते, राग आला तर येऊ दे. माझा भाऊ 34 चा, ऑटिझम. लहानपणापासून एकच ऐकलं, "आमच्या मागे तूच." कोणी विचारलं नाही. भावावर जीव आहे, पण स्थळ बघायला आलेल्या लोकांसमोर तेच वाक्य ऐकलं की घशात घास अडकायचा. तुमची छोटी असेल तर (लिहिलं नाहीत तुम्ही) तिला आत्तापासून आया बनवू नका. मोठी झाल्यावर ती स्वतःहून करेल किंवा नाही करणार, दोन्ही चालायला पाहिजे.

पैशाचं पण बघा. घर-शेती थेट त्याच्या नावावर करून मोकळं व्हायचं असं आपल्याकडे करतात, मग त्याला व्यवहार करता येत नाही आणि काका-मामांचं लक्ष जातं. मृत्युपत्र करा, त्यात कोण बघणार आणि कुठल्या पैशातून ते लिहा. आम्ही भावासाठी खासगी ट्रस्ट केला, सगळ्यांना जमेल असं नाही.

दत्ता_नगरकर

एक विरुद्ध मत मांडतो. आश्रम म्हटलं की सगळे कानावर हात ठेवतात. सगळ्या जागा कोंडवाडे नसतात ओ. बदलापूरचं 'आधार' हे केंद्र मतिमंद मुलांच्या पालकांनीच उभं केलंय, पुण्याजवळ कोळवणला साधना व्हिलेज आहे, तिथे मोठी माणसं घरासारखी एकत्र राहतात, कामं करतात. जाऊन बघून या, नुसतं बघायला. ठेवायचं नसलं तरी. आपण 70 चे झाल्यावर घाईत शोधलेली जागा आणि आज शांतपणे बघून ठेवलेली जागा यात फरक पडतोच.

मला संजय गांधी निराधारचं पण विचारायचं होतं, ते का नाही घेत ताई?

आबा_ठाणे

दत्ताभाऊ, संजय गांधीला दिव्यांगांसाठी उत्पन्नाची अट वर्षाला 50 हजार आहे. कारखान्याचा पगार असलेल्या घराला ते बसत नाही. त्यापेक्षा इन्कम टॅक्समध्ये घरातल्या दिव्यांगासाठीची वजावट (1961 च्या कायद्यात कलम 80डीडी) बघा, 75 हजारांची, अपंगत्व 80 टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाख. जुनी करप्रणाली घेतली असेल तरच. टॅक्स भरतच नसाल तर सोडून द्या.

बाकी आश्रमाबद्दल तुमचं पटतं, पण त्यांनी तीन तास मागितलेत, तुम्ही जन्मभराची सोय सांगताय.

सांगलीची_आई

धन्यवाद सगळ्यांना, एवढं कुणी नीट सांगितलंच नव्हतं. पेन्शनचं मिस्टरांना वाचून दाखवलं, ते गप्पच झाले, उद्या टाइम ऑफिसला जातायत. थायरॉईड तीन वर्षांपूर्वी केलेलं, परत करते. मधली बहीण, हो, धाकटी आहे, आठवीत. तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं.

पण दिवसाचा प्रश्न तसाच आहे. आमच्या गावात त्याच्याबरोबर शाळा सुटलेली अजून पाच-सहा मुलं आहेत, एक मुलगी तर दोन वर्षं घराबाहेरच पडलेली नाही. नॅशनल ट्रस्टची डे केअरची योजना आहे ना, तिचे पैसे आम्हाला मिळतील का?

रेवती_स्पेशल_टीचर

दिशा-कम-विकास म्हणून आहे डे केअरची, निवासासाठी समर्थ-कम-घरौंदा. पण त्या नोंदणी झालेल्या संस्थांमार्फत चालतात, पालकांच्या खात्यात पैसे येत नाहीत, आणि लहान गावात केंद्र मिळणं कठीण.

पण पाच-सहा मुलं आहेत हे तुम्ही आधी का नाही सांगितलं! तेच तर पाहिजे. आमच्याकडे चार आयांनी मंदिराच्या सभागृहात सुरुवात केली, रोज दोघी थांबायच्या आणि दोघी मोकळ्या. पणत्या रंगवणं, उटण्याची पाकिटं भरणं, नंतर एका दुकानाचं लेबल लावायचं काम मिळालं. संस्था वगैरे पुढच्या वर्षी रजिस्टर केली. पहिल्या दिवसापासून लेटरहेड छापणारे गट मी पाहिलेत, सहा महिन्यांत अध्यक्ष कोण यावर मोडतात.

एक नियम मात्र पाळा, मुलीही असणार आहेत तर कुणी एकटं मोठं माणूस मुलांबरोबर बंद खोलीत नको. कितीही ओळखीचं असो.

नगरपालिकेतला_एक

मी एका नगरपालिकेत क्लार्क आहे, नाव-गाव सांगत नाही. ताई, स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांनी. बऱ्याच ठिकाणी तो वर्षअखेरीला मार्चमध्ये घाईत वाटून टाकतात, कारण कुणी ठोस मागणीच केलेली नसते. तुम्ही करा. पैसे मागू नका पहिल्यांदा, जागा मागा. बंद पडलेली अंगणवाडी, शाळेची रिकामी खोली, समाजमंदिर दुपारी 12 ते 4. शिवाय पाणी आणि वापरता येईल असा संडास, हे अर्जात लिहायचंच, नाहीतर खोली मिळते आणि मुलं संडासला घरी न्यावी लागतात.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, सगळ्या पालकांच्या सह्या, मुलांच्या यूडीआयडीच्या झेरॉक्स. नगरसेवकाला एक कॉपी द्या पण अर्ज त्याच्या हातात देऊन येऊ नका, स्वतः आवक-जावकला टाका.

सांगलीची_आई

रविवारी सगळ्या आयांना घरी बोलावलंय. ती घराबाहेर न पडणारी मुलगी आहे ना, तिची आई आधी नको म्हणाली, मग म्हणाली येते पण बसणार नाही. अर्जाचा विषय काय लिहू?

नगरपालिकेतला_एक

"विषय : दिव्यांगांसाठी राखीव 5 टक्के निधीअंतर्गत 18 वर्षांवरील बौद्धिक अक्षम व्यक्तींच्या दिवसकालीन केंद्रासाठी जागा उपलब्ध करून देणेबाबत." खाली सरळ मराठीत लिहा किती मुलं, कुठल्या वेळात, कोण सांभाळणार. एका पानाच्या वर नको. आणि पोच शिक्क्यासकट घ्या, नुसती सही करून दिली तर परत पाठवा त्याला.