अपवादाने नियम सिद्ध होतो? कसा काय?

चिंचगूळ: आंबट खाल्लं की घसा बसतो, असं आत्याचं ठाम मत. मी म्हटलं, "मी रोज चिंच खाते, माझा कधीच बसत नाही." त्यावर ती म्हणाली, "अपवादाने नियम सिद्ध होतो!" वाद तिथेच संपला.

'एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' हा इंग्रजी वाक्प्रचार आपण असाच वापरतो, आणि मला ते मनापासून खटकतं. मुळात ते लॅटिनमधलं कायद्याचं तत्त्व आहे. 'रविवारी पार्किंग मोफत' अशी पाटी दिसली की इतर दिवशी पैसे पडतात हे न लिहिताही कळतं. सवलत सांगितली, म्हणजे नियम आहेच. इ.स.पू. 56 मध्ये सिसेरो या रोमन वकिलाने बाल्बसचा बचाव याच मुद्द्यावर केला. बाल्बसने रोमचं नागरिकत्व बेकायदा घेतलं, असा आरोप होता. रोमने काही लोकांशी केलेल्या तहांत 'यांच्यातल्या कुणाला रोमचं नागरिकत्व देऊ नये' असं कलम होतं. बाल्बस गादेसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कादिझचा. त्यांच्या तहात ते कलम नव्हतं. मनाई जिथे लिहिली तिथेच मनाई, बाकी मोकळीक, असं सिसेरोचं म्हणणं.

माझ्या चिंचेने आत्याचा नियम सिद्ध होत नाही, मोडतो.

दिवेलागण: असहमत. वाक्प्रचाराचा अर्थ लोकांच्या तोंडी जो असतो तोच. 'हेड ओव्हर हील्स' घ्या, म्हणजे प्रेमात पुरतं बुडालेलं. डोकं टाचांच्या वर असणं ही तर रोजचीच स्थिती! आधी ते 'हील्स ओव्हर हेड' होतं, पुढे उलटलं आणि तसंच रुळलं. आपल्याकडेही फारसी 'शिकस्त' म्हणजे पराभव, आणि आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. ती चूक म्हणायची का?

सातबारा: आम्हाला शाळेत सांगितलं होतं की इथे 'प्रूव्ह' म्हणजे कसोटी घेणं. अपवाद नियमाची परीक्षा घेतो. 'प्रूफ ऑफ द पुडिंग', म्हणजे पुडिंगची परीक्षा खाल्ल्यावरच, या इंग्रजी म्हणीतही तोच अर्थ आहे.

चिंचगूळ: पुडिंगचं बरोबर आहे. पण लॅटिन वचनाला पुढे शेपूट आहे: 'जे वगळलेलं नाही त्याच्यापुरता.' कसोटी म्हटलं की त्या शेपटाला काही अर्थच उरत नाही.

दिवेलागण, शिकस्तीचं उदाहरण आवडलं, पण त्या शब्दाने कुणाची फसगत होत नाही. इथे चुकीचा तर्क जुन्या वचनाच्या आडून बरोबर वाटायला लागतो, आणि समोरच्याचं तोंड बंद होतं. मला लागतं ते हे.

दिवेलागण: मग दोष तर्काचा, वाक्प्रचाराचा नाही. हे वाक्य नसतं तर आत्यांनी 'प्रत्येकाची प्रकृती वेगळी' म्हटलं असतं. शिवाय बोलताना आपल्याला म्हणायचं असतं, "हा अपवाद इतका उठून दिसतो, यावरूनच बाकीचे कसे आहेत ते बघा." तो अर्थही टाकाऊ नाही.

ओवीबाई: मी करारांचे अनुवाद करते. तिथे हा घोळ परवडत नाही, म्हणून सरळ लिहिते: 'अपवाद फक्त वर नमूद केलेल्या बाबींपुरता, इतर सर्व बाबींना नियम लागू.' घरी मात्र मीही आत्यांसारखंच बोलते, आणि चिंचगूळ म्हणतात ते वाचून आज पहिल्यांदा अडखळले.