आयसीयूबाहेर बसून रामरक्षा म्हणणाऱ्यांनो, इथे लिहा

तलावपाळी
आज सकाळी ठाण्यात कोपिनेश्वर मंदिराच्या आवारात रामरक्षा कानावर पडली आणि आयसीयूबाहेरची ती बाकडी आठवली. "पुढचे 24 तास बघू" म्हणून डॉक्टर आत गेले की आपल्या हातात रामाचं नावच उरतं. तेव्हा काय म्हणायचं, कसं, कुणाला माहीत असेल ते लिहा. आज कुणीतरी त्या बाकड्यावर बसलेलं असेल.

जास्वंद
सगळे 38 श्लोक झेपत नसतील तर 'शिरो मे राघवः पातु' पासून 'पातु रामोऽखिलं वपुः' पर्यंत म्हणा. कवच तेवढंच. डोक्याकडून पावलांकडे जातं, त्यामुळे मन सैरभैर असलं तरी पुढची ओळ सापडते. पेशंटचं नाव संकल्पात घ्या, 'मे' (म्हणजे 'माझं') तसाच राहू द्या. मध्येच सिस्टरने हाक मारली तर उठा, परत आल्यावर त्याच अवयवापासून पुढे.

ऐरोलीकर
+1. आणि रक्षण कोण करतोय ते बघा! कपाळाला दशरथाचा मुलगा, नाकाला यज्ञ राखणारा, भुजांना शिवधनुष्य मोडणारा, गुडघ्यांना सेतू बांधणारा, पावलांना बिभीषणाला वैभव देणारा. अख्खं रामायण अंगभर. अर्थ कळला की धीर दुप्पट होतो. 'भग्नेशकार्मुकः' घाईत हमखास अडखळतं. भग्न, ईश, कार्मुक असं सुटं करून चारदा म्हणा, मग जोडा.

पांढरी_टोपी
ड्यूटीवर आहे, पटकन लिहिते. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्या पेशंटला तीर्थ-प्रसाद देऊ नका, हात जोडून सांगते. साधारणपणे जेवण 6 तास आधी बंद, नुसतं पाणी 2 तास आधी. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. चमचाभर दिलं गेलंच तर लपवू नका, भूलतज्ज्ञांना सांगा. अंगारा कपाळाला लावायचा तर आधी विचारा, नळ्या आणि जखमेजवळ पूड अजिबात नको. सलाईनच्या हाताला गंडा नको, हात सुजला की काचतो. एमआरआयला धातूचा ताईत काढावाच लागतो. उदबत्ती तर नाहीच, तिथे ऑक्सिजन असतो.

तलावपाळी
ताई, हे दारावर लावायला हवं 🙏

पारसिक
गजेंद्रमोक्षही म्हणा. भागवताचा आठवा स्कंध, स्तुती तिसऱ्या अध्यायात. मगरीने पाय धरल्यावर गजेंद्र आधी सगळं बळ लावतो, कळपातले हत्तीही ओढून बघतात. मग सोंडेत कमळ उचलून नारायणाला हाक. म्हणून औषध वेळेवर द्यायचं, सही मागितली की कागद वाचून करायची आणि त्याच वेळी हाकही मारायची. देवावर भरवसा आहे म्हणून तपासणी पुढे ढकलणं मला मुळीच पटत नाही.

चहाबाज
रामनवमीला कोपिनेश्वराकडे गाडी न्यावी का?

ऐरोलीकर
नको. स्टेशनवरून चालत या.

जास्वंद
रामनवमी निघालीच आहे तर सुंठवडा. 1 वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस कोरडा भाजायचा, पूर्ण गार करायचा. गरम असताना साखर घातली तर गोळे होतात. मग पाव वाटी खारीक पूड, 1 चमचा भाजलेली खसखस, 2 चमचे सुंठ, अर्धी वाटी पिठीसाखर.

पांढरी_टोपी
हा मात्र बाहेर बसलेल्या नातेवाइकांना द्या. ती माणसं दिवसभर उपाशी असतात.