दोन्हीकडून दलाली घेणारा एजंट नेमावा का?

धागाकर्ता : घर घेताना एजंटाची पारख बहुधा तो ओळखीतला आहे का आणि फोन उचलतो का, एवढ्यावरच संपते. माझ्या मते पहिला प्रश्न असा विचारावा : या व्यवहारात तुम्हाला दलाली कोण देणार? विकणाराही देणार असेल, तर त्याच माणसाने आपल्यासाठी भाव उतरवून घ्यावा ही अपेक्षा फोल आहे. अशा एजंटाला मी नकार देईन.

प्रतिसाद १ : असहमत. दोन्ही पक्षांना ओळखणारा एजंट सौदा फिसकटू देत नाही. शिवाय केवळ तुमचाच म्हणवणारा एजंटसुद्धा किमतीच्या टक्केवारीवरच दलाली घेतो, म्हणजे भाव चढला तर त्याचाही फायदाच. मग फरक उरला कोणता?

धागाकर्ता : टक्केवारीचा मुद्दा मान्य, पण खरी अडचण घाईची आहे. दलाली दोन टक्के धरली, तर भाव पाच टक्क्यांनी उतरल्यास एजंटाचे नुकसान मूळ किमतीच्या अवघ्या ०.१ टक्क्याचे होते. तेवढ्यासाठी तो भाव चढवणार नाही, मात्र महिनाभर घासाघीसही करणार नाही. लेव्हिट आणि सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील घरविक्रींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एजंटांची स्वतःची घरे सुमारे १० दिवस अधिक काळ बाजारात राहून सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला विकली गेल्याचे दिसले. स्वतःसाठी थांबणारी ही मंडळी अशिलासाठी थांबत नाहीत.

प्रतिसाद २ : तो अभ्यास विक्रीचा आहे, खरेदीला जसाच्या तसा लावू नये. दलाली कोण देतो यापेक्षा घर दाखवताना एजंट काय बोलतो, हे मी पाहतो. छताचा एकच कोपरा ताज्या रंगाने उजळलेला असेल आणि एजंट आपणहून म्हणाला, “येथे ओल असावी, वरच्या मजल्यावर गळती आहे का विचारू आणि पाऊस पडून गेल्यावर पुन्हा येऊ”, तर त्याने दोन्हीकडून दलाली घेतली तरी माझी हरकत नाही.

धागाकर्ता : असा माणूस मिळाला तर उत्तमच, पण ओल डोळ्यांना दिसते, मालकाने खासगीत सांगितलेली किमान किंमत दिसत नाही. ती तुम्हाला सांगितली तर मालकाचा विश्वासघात, न सांगितली तर तुमचे नुकसान. या पेचात प्रामाणिक माणूसही अडकतो.

प्रतिसाद १ : तर मग दलालीची रक्कम ठोक ठरवावी, करार लेखी व ठरावीक मुदतीचा करावा आणि मालकी हक्काची कागदपत्रे एजंटाने सुचवलेल्या वकिलाकडून न तपासता आपण निवडलेल्या वकिलाकडून तपासून घ्यावीत. एवढे केल्यावरही दोन्हीकडच्या एजंटाला सरसकट नकार देणे मला अतिरेकीच वाटते.