भूकंप रात्री झाला तर? वयस्कर माणूस घरात असताना तयारी कशी करायची, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

घर चौथ्या मजल्यावर. आम्ही दोघं, लहान मुलगी आणि सासूबाई, त्यांना वॉकरशिवाय चालता येत नाही आणि रात्री कानातलं मशीन काढून झोपतात. भूकंपाची तयारी करायला घेतलीये, त्यातलं बेसिक झालंय. माणशी दिवसाला ४ लिटर धरून निदान ३ दिवसांचं पाणी वेगळं ठेवलंय, टॉर्च, शिट्टी, औषधं, पॉवर बँक, थोडी कॅश, कागदपत्रांच्या झेरॉक्स हे सगळं एका सॅकमध्ये दारापाशी. गॅस कुठून बंद करायचा ते आम्हा तिघांनाही येतं.

अडलंय ते रात्रीपाशी. सगळीकडे सांगतात खाली बसा, टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय घट्ट धरा. दिवसा ठीक आहे हो, पण १९९३ चा किल्लारीचा भूकंप पहाटे ४ च्या जरा आधी झाला, १९९५ चा जपानमधल्या कोबेचा पहाटे पावणेसहाला, माणसं अंथरुणातच होती. पलंगावर असाल तर उठून पळायचं नाही, तिथेच पालथं पडून उशीने डोकं आणि मान झाकायची असं सांगतात, कारण अंधारात पळताना माणूस पडतो नाहीतर काचांवर पाय पडतो. मला ते पटतं. पण मग पलंगाशेजारचं काहीही अंगावर येणार नाही याची खात्री नको का?

सासूबाईंच्या खोलीत पलंगाच्या डोक्याशीच लोखंडी कपाट आहे. वरच्या सुटकेस काढून टाकल्या, तरी दार जरा जोरात ओढलं की कपाटाचा वरचा भाग हलताना दिसतो. दुसरीकडे सरकवायला जागा नाही, एका भिंतीत खिडकी आणि एकीत दार. एल ब्रॅकेटने भिंतीला आवळायचं ठरवलं तर ड्रिलवाला म्हणाला भिंत पोकळ ब्लॉकची आहे, साधा प्लास्टिकचा प्लग धक्क्याला उपटून येईल. अशा भिंतीत कोणी जड कपाट फिक्स केलंय का, नक्की कोणता अँकर वापरला? का सरळ कपाटच काढून टाकू? माझा कल काढण्याकडे आहे पण त्यांचं सगळं सामान त्यात आहे आणि त्या ऐकायला तयार नाहीत.

दुसरं म्हणजे मुलगी वेगळ्या खोलीत झोपते. मोठा धक्का चालू असताना उभंसुद्धा राहता येत नाही म्हणतात, म्हणजे तिच्याकडे धावायचं नाही, हलणं थांबल्यावरच जायचं. डोक्याला कळतं पण आई म्हणून ते जमेल असं वाटत नाही. तुमच्याकडे मुलांना उशीचं हे कसं शिकवलंत, न घाबरवता? प्रत्येकाच्या पलंगाच्या पायाला पिशवीत बूट आणि छोटा टॉर्च बांधून ठेवायचं मात्र नक्की केलंय, नुसते खाली ठेवले तर हादऱ्याने कुठल्या कुठे जातील.

आणि कृपया दाराच्या चौकटीत उभं राहा असं सुचवू नका, हल्लीच्या घरात चौकट बाकी घरापेक्षा मजबूत नसते, शिवाय आपटणारं दार लागतं ते वेगळंच. पलंगाच्या बाजूला जमिनीवर झोपा म्हणणारे मेसेजही फिरतात, तेही नको.

सगळ्यात मोठी काळजी हलणं थांबल्यानंतरची. लिफ्ट वापरायची नाही, आफ्टरशॉक (मोठ्या धक्क्यानंतरचे धक्के) कधीही येऊ शकतात, आणि सासूबाईंना चार मजले खाली न्यायचं. खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं की जाड चादरीत? अंधारात, जिन्यावर काय पडलेलं असेल माहीत नसताना? इमारतीला तडे दिसत नसतील तर थोडा वेळ घरातच थांबवणं बरं का? कोणी खरंच वयस्कर माणसाला असं जिन्यावरून उतरवलं असेल, किंवा नर्सिंग, फायर ब्रिगेडमधलं कोणी असेल, तर आधी कुठे धरायचं इथपासून सांगा.