पाणंदीचा (शेतात जायच्या वाटेचा) तिढा: ‘आपला वाडा’ ग्रुपवरची चर्चा

नाना: काल परत ट्रॅक्टर रुतला. ओढ्याच्या अलीकडं, नेहमीच्या जागी. शेवटी खताची पोती मी आणि गड्यानं डोक्यावरनं नेली. ग्रुपवर रोज फुलं आणि सुविचार येतात, रस्त्याचं मात्र कुणी तोंडातून काढत नाही.

अण्णा: सुप्रभात. आधी मोजणी करून घ्या. मग बोलू.

नाना: मोजणीनं चिखल वाळत नाही अण्णा.

काकू: नाना भावजी, पाठ कशी आहे आता? वजन उचलू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय ना.

ताई: काका, फोटो टाका ना.

नाना: (3 फोटो)

छोटू: तिसऱ्या फोटोत ट्रॅक्टर आहे का म्हैस बसलीय? 😂

नाना: तू ये सुट्टीला. तुलाच बसवतो तिथं.

बंडू: दोन वर्षांमागं मुरूम टाकला तेव्हा पैसे कोणी दिले ते पण लिहा की काका.

नाना: विषय तो नाही.

बंडू: माझा तोच आहे.

अण्णा: मी म्हणतोय आधी मोजणी करा. हद्द कळल्याशिवाय रस्ता रुंद कसा करणार?

ताई: बाबा, तुम्ही हे गेल्या पावसाळ्यातही म्हणाला होतात.

अण्णा: आणि गेल्या पावसाळ्यात कुणी केली का?

नाना: 🎤 व्हॉइस मेसेज (3:40)

अण्णा: ऐकू येत नाही. लिहून पाठव.

आत्या: मी ऐकलं. साडेतीन मिनिटांतली दोन मिनिटं तो शेजाऱ्यालाच शिव्या घालतोय. बाकीचं असं की ग्रामपंचायतीत सरपंच म्हणाले, पाणंद योजनेत घालायचं तर ग्रामसभेचा ठराव लागेल आणि दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांच्या संमत्या लागतील. आणि आपल्या सातबाऱ्यावर नावं आहेत तेवढ्यांच्या सह्या.

आत्या: म्हणजे माझी पण. सहीची वेळ आली की बहीण आठवते.

नाना: अक्का तसं नाही गं.

आत्या: तसंच आहे. मागच्या वेळी कोऱ्या जागेवर सही घेतली होती. कशाची ते मला घरी गेल्यावर कळलं.

काकू: वन्सं, तो विषय ग्रुपवर नको. सगळी पोरं आहेत इथं.

छोटू: पोरं तर वाचायलाच बसलीत काकू.

अण्णा: हा मेसेज डिलीट केला आहे.

बंडू: अण्णाकाका, वाचला मी. राहू द्या.

ताई: अहो, तुम्ही काहीतरी बोला ना. कोर्टातून मोकळे झालात की.

वकील दाजी: आत्ताच निघालो. नमस्कार सगळ्यांना. नानाकाका, एक आधी सांगा, वाट गावनकाशात आहे का?

नाना: आहे. तलाठ्यानं दाखवली होती. डांबरीपासून ओढ्यापर्यंत एकच तुटक रेघ आहे. पुढं रेघ नाही, पण आजोबांपासून बांधावरनंच वहिवाट आहे.

वकील दाजी: एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग. त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. दुबार तुटक रेघ असती तर गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. म्हणजे ओढ्यापर्यंत सरकारी दप्तरात वाट आहे, पण ट्रॅक्टर-ट्रॉलीची नाही. ओढ्यापुढं फक्त वहिवाट. दोन तुकडे, दोन वेगळी प्रकरणं. एकाच अर्जात सगळं कोंबू नका, गोंधळ होतो.

छोटू: दाजी म्हणजे चालता-बोलता सातबारा.

वकील दाजी: शेजाऱ्यांचे सिमेंटचे खांब कुठल्या तुकड्यात आहेत?

नाना: ओढ्यापलीकडं. तारेचं कुंपण बांधाच्या आत चांगलं दोन हात सरकवलंय. बैलगाडीसुद्धा घासून जाते. मी बोललो तर म्हणतो, तुमचा रस्ता असेल तर कागद दाखवा.

वकील दाजी: कधी रोवले? तारीख महत्त्वाची आहे.

नाना: होळीच्या आसपास.

वकील दाजी: आसपास चालत नाही. चालू वहिवाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. पण अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत. त्यानंतर तिथं दाद नाही. होळी धरली तर सहा महिने सप्टेंबरातच भरतात, त्याआधी जावं लागेल. ऑगस्ट निम्मा झालाय.

अण्णा: म्हणूनच म्हणतो, आधी मोजणी.

ताई: बाबा 🙏

नाना: त्याच्या पोराच्या लग्नात मी स्वतः आहेर घेऊन गेलो होतो. आता तो मला कागद विचारतो.

काकू: आमच्याकडं पण तेव्हा दोन दिवस त्यांची माणसं जेवली.

बंडू: खांब धुळवडीनंतर रोवलेत. माझ्याकडं फोटो आहे.

बंडू: (फोटो)

बंडू: धुळवडीला पोरं रंगली होती तेव्हाचा. मागं बघा, खांब अजून जमिनीवर आडवे पडलेत, ढीग करून. म्हणजे तोवर रोवलेले नव्हते. फोनमध्ये तारीख-वेळ सगळं आहे.

वकील दाजी: हा फोटो सोन्याचा आहे. मूळ फाईल ठेव, व्हॉट्सॅपवरची नको. कुंपणाचे आत्ताचे फोटोही काढा, तिथं उभं राहून, ओढा दिसेल असे.

छोटू: फोटोत माझा पण चेहरा दिसतोय, हिरवा. साक्षीदार म्हणून येऊ का?

नाना: बंडू, हा फोटो तुझ्याकडं इतके दिवस होता?

बंडू: तुम्ही विचारलं का? तुमचं सगळं ठरवून झालं की आम्हाला कळतं. परवासुद्धा ग्रामपंचायतीत जाऊन आलात, मला शेजारच्या रानातल्या माणसानं सांगितलं.

नाना: घाईत होतो रे.

बंडू: आता खरं विचारतो. बारा फुटी रस्ता करायचा म्हणताय. वाढीव जागा कुणाच्या रानातनं?

नाना: बांधाच्या दोन्हीकडनं घ्यायची.

बंडू: तुमच्याकडं विहीर आहे आणि चिंच आहे. मग सगळं माझ्याकडंच सरकणार ना? मी हिशेब केलाय. बांध नऊशे फूट. सव्वाआठाचे बारा करायचे म्हणजे पावणेचार फूट जास्त. 3,375 चौरस फूट, म्हणजे तीन गुंठ्यांच्या वर. माझं रान एकर दहा गुंठे. तीन गुंठे माझे आणि ट्रॉली सगळ्यांची.

काकू: बंडू, मोठ्यांशी नीट बोल.

बंडू: नीटच बोलतोय आई. हिशेब चुकला असेल तर सांगा.

वकील दाजी: हिशेब बरोबर आहे. आणि एक स्पष्ट सांगतो, पाणंद योजनेत भूसंपादन नसतं. जागा शेतकऱ्यांनीच सोडायची, मोबदला नाही. म्हणून संमतीवरच सगळं अडतं.

अण्णा: मोजणी झाली तर कुणाचे किती गुंठे ते कागदावर येईल. भांडणच नाही.

बंडू: अण्णाकाका, मुंबईत बसून मोजणी सोपी वाटते. उभ्या उसात मोजणीवाला कुठनं घुसणार?

अण्णा: मुंबईत बसून मी तुझ्या वडिलांच्या आजारपणात काय केलं ते तुझ्या आईला विचार.

काकू: अण्णा भावजी, कृपा करून. दोघंही थांबा.

ताई: सगळ्यांनी चहा घ्या. पाच मिनिटांनी बोलू.

छोटू: (म्हशीवर बसलेल्या मुलाचं स्टिकर)

आत्या: चिंच कुणी तोडायची नाही. आधीच सांगते.

वकील दाजी: आत्या, मनात आलं म्हणून तोडता येतही नाही. चिंच वृक्षतोड कायद्यातल्या अनुसूचीत आहे, परवानगी लागते. आंबा, जांभूळ तसंच. स्वतःच्या बांधावरचं असलं तरी.

आत्या: कायद्याला कळतं ते घरातल्यांना कळत नाही.

नाना: अक्का, चिंच तोडायचं मी कधीच म्हणालो नाही. रस्ता तिथं थोडा वळवायचा.

बंडू: वळवायचा म्हणजे परत माझ्याकडं.

नाना: मग विहिरीच्या बाजूनं मी जास्त सोडतो. विहिरीपासून खालपर्यंत सगळी माझी. चिंचेपाशी तेवढी तुझी. बाकी निम्मी-निम्मी. झालं?

बंडू: लिहून द्याल?

नाना: काकावर विश्वास नाही?

बंडू: शेजाऱ्यांवर होता ना तुमचा? आहेर घेऊन गेला होतात.

छोटू: बंडूदादा, आज वकिली तूच करतोयस. दाजींना सुट्टी.

वकील दाजी: लिहूनच घ्यायचं. संमतीपत्रात गट नंबर, लांबी, रुंदी, कुठून किती फूट ते सगळं येऊ द्या. शासनाचा 22 मे 2025 चा निर्णय आहे. यंत्रं जातील असा शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद करावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी. बारा फूट म्हणजे साडेतीन मीटरच्या वर, बसतं त्यात. सातबाऱ्यावर एकदा आलं की उद्या रान विकलं तरी वाट राहते. नुसत्या तोंडी समजुतीवर तुमच्या पुढच्या पिढीत परत हेच होईल.

नाना: आणि शेजाऱ्यानं संमती दिली नाही तर?

वकील दाजी: खांब काढायला कलम 5. पुढं बांधावरून वाट कायमची मागायची तर महसूल अधिनियमाचं कलम 143. त्यात तहसीलदार स्थळपाहणी करून, शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान होईल असा बांधावरचा मार्ग ठरवतात. त्याच निर्णयात अशा अर्जांना नव्वद दिवसांची मुदत घातलीय. निकाल पटला नाही तर एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो, त्यांनाही आणि आपल्यालाही. म्हणून माझं मत, आधी एकदा त्यांच्याकडं जाऊन बसा. कलमं खिशात असू द्यात.

नाना: मी जाणार नाही.

काकू: मी जाते. त्यांची सून चांगली आहे.

बंडू: आई, तू नको.

काकू: तुम्ही पुरुष गेलात की दहा मिनिटांत आवाज चढतो. मी जाते म्हटलं ना.

अण्णा: रस्ता मिळाला तरी मुरूम टाकून भागणार नाही. काळी जमीन आहे ती. दरवर्षी मुरूम गिळते.

नाना: अण्णा, हे मात्र खरं बोललात.

अण्णा: बाकीचं पण खरंच बोलतो. वरची माती काढून खाली खडी, दोन्ही बाजूला चर, ओढ्यात सिमेंटच्या नळ्या. पाणी बाजूला गेलं तरच रस्ता टिकतो. मी नोकरीत चाळीस वर्षं हेच केलं.

छोटू: बाबा पहिल्यांदा मोजणी सोडून बोलले. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

अण्णा: आणि शेजाऱ्याच्या बाजूची मोजणी करावीच लागेल. अतिक्रमण सिद्ध कशानं करणार?

वकील दाजी: बाबा म्हणतात ते त्या तुकड्यापुरतं योग्य आहे. कलम 5 मध्ये वहिवाट दाखवली तरी चालते, पण तो हद्दीचा वाद काढणारच. ऊस तुटल्यावर मोजणीचा अर्ज करा. दावा मात्र मोजणीसाठी थांबवू नका, सहा महिने निघून जातील.

नाना: ऊस तुटल्यावर म्हणजे तोवर रस्ता नाहीच. ऊसतोड टोळीचा मुकादम आत्ताच म्हणतोय, गाडी फडापर्यंत येत नसेल तर तुमचा फड शेवटी घेणार. शेवटी म्हणजे वजन किती घटतं ते बंडूला माहीत आहे.

बंडू: माहीत आहे. मागच्या साली माझापण शेवटीच गेला.

अण्णा: मोजणीची फी मी भरतो. द्रुतगतीची. आणि मुरमाचे दोन वर्षांमागचे पैसे बंडूने दिले होते, तेही कुणीतरी त्याला द्या. मला माहीत होतं.

नाना: मी देणार होतो.

बंडू: राहू दे आता. मुरूम उचलायला यंदा तहसीलची परवानगी काढा म्हणजे झालं. खालच्या वाडीतल्या एकाची ट्रॉली धरली.

ताई: मग ठरलं का काही? मी यादी करू का?

नाना: रविवारी सकाळी नऊला ओढ्यावर. बंडू, टेप आण. जावईबापू, तुम्हाला जमेल?

वकील दाजी: येतो. गावनकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून काढून ठेवा, आणि दोन्ही गटांचे ताजे सातबारे.

छोटू: दाजी, पांढरी पॅन्ट घालून येऊ नका.

आत्या: माझ्या सहीचं काय ते पण ऐका. संमतीपत्र आधी इथं ग्रुपवर टाका, सगळं, खालच्या ओळीपर्यंत. दाजी, त्यात हक्कसोड वगैरे काही नाही ना?

वकील दाजी: नाही आत्या. हक्कसोडपत्राची वेगळी नोंदणी करावी लागते, ते असं संमतीपत्रात लपवता येत नाही. मी स्वतः टाइप करून टाकतो.

आत्या: टाका. मी माझ्या पोराकडनं वाचून घेते. आणि रविवारी मला आणायला गाडी पाठवा, नाना. चिखलातनं मी चालत येणार नाही.